आग दिसली, फलाट दिसला नाही

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. शिकागोत सकाळचे साडेदहा झाले होते. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगची सुट्टी, म्हणून मी घारग्यांसाठी लाल भोपळा किसायला घेतला होता. मैत्रिणीचा फोन आला. "टीव्ही लाव आधी, मग बोलू," एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

माझा मोठा भाऊ तेव्हा फोर्टातल्या एका ऑफिसात होता आणि रोज संध्याकाळी सीएसटीवरून डोंबिवलीची लोकल धरायचा. कॉलिंग कार्डावरचा लांबलचक नंबर मी किती वेळा फिरवला ते आठवत नाही. दर वेळी तोच रेकॉर्ड केलेला आवाज: सगळ्या लाइन व्यस्त आहेत. शेवटी एकदाचा लागला. "अगं, जेवून आत्ताच आडवा झालो होतो," दादा म्हणाला. "काय झालं? एवढ्या रात्री कसा फोन?" सव्वाआठच्या सुमाराला तो त्याच स्टेशनातून निघाला होता. तिथे गोळीबार झालाय हे त्याला जवळजवळ तेरा हजार किलोमीटरवरून मी सांगत होते. मग त्याने टीव्ही लावला. कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत आम्ही दोघं फोन कानाला लावून एकच दृश्य बघत बसलो, तो डोंबिवलीत आणि मी इथे. जवळचं कोण आणि दूरचं कोण, याचा त्या रात्री काही हिशोबच लागत नव्हता.

२९ तारखेच्या सकाळी ताजमधली कारवाई संपली. तोवर मी टीव्हीसमोरून जवळजवळ उठलेच नाही. किसलेला भोपळा ताटात तसाच सुकून गेला.

आज इतक्या वर्षांनी डोळे मिटले की पहिल्यांदा काय दिसतं? ताजचा घुमट आणि त्यातून निघणारा धूर. आमच्या मंडळात मी अनेकांना हे विचारलं आहे. सगळ्यांना तेच दिसतं. पण त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली, आणि त्यांतली ५८ सीएसटीवर गेली, बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला. इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याच एका ठिकाणी गेली नाहीत. ताजच्या लॉबीतल्या स्मारकावर त्या हॉटेलात गेलेल्यांची ३१ नावं कोरली आहेत. ती वाचताना आजही घशात दाटून येतं, आणि यायलाच हवं. पण स्टेशनातल्या ५८ जणांपैकी एक तरी नाव आपल्याला सांगता येतं का? मला येत नव्हतं. पंधरा वर्षं दर २६ नोव्हेंबरला मेणबत्ती लावूनही येत नव्हतं.

यात कोणाचा कट नव्हता. स्टेशनातला संहार फार लवकर आटोपला. कॅमेरे रांगेने उभे राहीपर्यंत हल्लेखोर तिथून निघून गेले होते. ताज मात्र तीन दिवस जळत होतं, समोर मोकळी जागा होती, समुद्र होता. टीव्हीला जे दाखवता येतं ते टीव्ही दाखवतो. सीएसटीचे जे फोटो जगभर गेले ते सेबॅस्टियन डिसूझा या छायाचित्रकाराने जीव धोक्यात घालून काढले होते. पुढे खटल्यात तेच पुरावा म्हणून कामी आले. पण त्याचा परिणाम असा झाला, की त्या स्टेशनातला एकच चेहरा आपल्याला ओळखू येतो, आणि तो मारेकऱ्याचा आहे. ज्यांना त्याने मारलं त्यांच्यातला एकही चेहरा आपल्या डोळ्यांपुढे येत नाही.

म्हणून मला वाटतं, ज्यांनी हे दुरून पाहिलं त्यांनी आपल्याला दिसलेल्या दृश्यावर आठवणीचा सगळा भार टाकू नये. जे दिसलं नाही ते शोधून काढणं, वाचणं, मुद्दाम पाठ करणं हे आपल्या वाट्याचं काम आहे. जखमींना उचलायला आपण नव्हतो. रक्त द्यायला रांगेत उभे नव्हतो. आपल्या हातात एवढंच उरलं आहे, आणि तेही आपण नीट केलेलं नाही.

आपल्या त्या बघण्याबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. ती कळली तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेल्यांना पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार फोनवरून सूचना देत होते. बाहेर काय चाललं आहे, पोलीस कुठे आहेत, हेलिकॉप्टर कुठे आलं, हे ते कशावरून सांगत होते? आपण जे पाहत होतो त्याच थेट प्रक्षेपणावरून. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना याबद्दल स्पष्ट शब्दांत दोष दिला. अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, असा नियम व्हायला मात्र २०१५ साल उजाडलं. मी जे तीन दिवस काळजीने डोळे ताणून बघत होते, तेच कोणी तरी दुसऱ्या कामासाठी बघत होतं. काळजी खरी होती यात शंका नाही. पण 'आम्ही तीन दिवस टीव्हीसमोरून हललो नाही' हे मंडळाच्या कार्यक्रमात जरा अभिमानाने सांगितलं जातं, तेव्हा मला हे आठवतं.

आता जे दिसलं नाही त्याकडे वळू. त्याची सुरुवात मुंबईत नाहीच, समुद्रात आहे. हे दहा जण 'कुबेर' नावाच्या गुजरातच्या मासेमारी नौकेतून आले. नौका त्यांनी वाटेत ताब्यात घेतली. तिच्यावरचे चार खलाशी आधी मारले आणि मुंबई दिसू लागल्यावर तांडेल अमरसिंह सोलंकी यांनाही मारलं. २६/११ चे पहिले बळी ही पाच कष्टकरी माणसं. पोट भरायला समुद्रात गेलेली. मग रबरी होडी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ लागली. तिथे वस्तीतल्या लोकांनी या अनोळखी पोरांना हटकलं होतं. विलेपार्ले आणि वाडीबंदरला टॅक्सीत ठेवलेले बॉम्ब फुटले. त्या टॅक्सीवाल्यांचं काय झालं हे माझ्या मंडळात कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी फक्त भाडं घेतलं होतं.

सीएसटीवर विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक होते. रोज आपण ज्यांचा आवाज ऐकतो आणि ज्यांच्याकडे कधी बघत नाही, त्यांतले एक. काय चाललं आहे हे त्यांना केबिनच्या काचेतून दिसत होतं. ते माइक सोडून गेले नाहीत. हिंदीत आणि मराठीत ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की तिकडे जाऊ नका, या बाजूने बाहेर पडा. त्या रात्री किती जीव वाचले याचा आकडा कोणी काढू शकणार नाही.

तिथून दोघं हल्लेखोर कामा हॉस्पिटलात शिरले. अंजली कुलथे यांची तिथे रात्रपाळी होती. बाळंतपणाच्या वॉर्डात २० गरोदर बायका. त्यांनी वॉर्डाचे दरवाजे बंद केले, दिवे मालवले आणि सगळ्यांना मागच्या छोट्या पँट्रीत नेऊन बसवलं. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या आधाराने वरच्या प्रसूतिकक्षात पोचवलं आणि ती सुखरूप बाळंत झाली. बाहेर गोळ्या आणि हातबॉम्ब, आत अंधारात वीस बायका तोंडावर पदर दाबून बसलेल्या. हे दृश्य कुठल्याही कॅमेऱ्यात नाही. माझ्या डोळ्यांपुढे आता घुमटाच्या आधी ही पँट्री येते, आणि त्यासाठी मला मेहनत घ्यावी लागली. कसाबविरुद्ध साक्ष देताना कुलथेबाईंनी नर्सचा गणवेश घालूनच कोर्टात येण्याची परवानगी मागितली होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे व्हिडिओवरून बोलल्या. आमच्या इथल्या किती जणांनी ते ऐकलं?

कामा हॉस्पिटलच्या बाहेर, रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर गेले. ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे गेले. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा हा माणूस. आधी लष्करात होते, मग पोलिसात सहायक उपनिरीक्षक. हातात लाठी. रायफलची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या, पण सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला, म्हणून खटला उभा राहिला, म्हणून हल्ला कुठून आला हे जगासमोर पुराव्यानिशी मांडता आलं. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका कोळ्याच्या नव्या प्रजातीला २०२१ मध्ये संशोधकांनी 'इसियस तुकारामी' हे नाव दिलं. धरलेलं न सोडणाऱ्या माणसाचं नाव भिंतीला घट्ट धरून राहणाऱ्या जीवाला. मला हे स्मारक फार आवडतं.

आणखी दोन वर्षं मागे जाते. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. दोनशेच्या आसपास माणसं गेली. म्हणजे २६/११ पेक्षा जास्त. पण आमच्या मंडळात ११ जुलैला मेणबत्ती लागत नाही. तेव्हाही आम्ही फोन केले होते, रडलो होतो. मग आठवडाभरात विसरलो, कारण त्या संध्याकाळचं टिकणारं चित्रच नव्हतं. २०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या सगळ्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. एकोणीस वर्षांनी. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये असं सांगितलं आणि अपिलावर नोटीस काढली. पण ज्यांची माणसं गेली त्यांचा प्रश्न आहे तसाच आहे: मग हे केलं कोणी? आणि ज्यांची उमेद तुरुंगात संपली त्यांचाही प्रश्न आहेच. या निकालाबद्दल आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन संदेश आले. त्यातला एक वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये हरवला.

मुंबईच्या 'स्पिरिट'बद्दलही दूरची माणसं फार बोलतात. मीही बोलले आहे. शुक्रवारी, म्हणजे ताज अजून पेटलेलं असताना, दादा ऑफिसला गेला. मी इथे सगळ्यांना कौतुकाने सांगितलं, बघा माझा भाऊ, बघा मुंबई. काही महिन्यांनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, रजा शिल्लक नव्हती. हजेरी लागते." मग थोड्या वेळाने म्हणाला, की त्या दिवशी स्टेशनात फिनेलचा इतका वास होता की पोटात ढवळलं, आणि एका खांबाशी कोणी तरी चपला गोळा करून ठेवल्या होत्या. मोठ्या माणसांच्या, बायकांच्या, लहान मुलांच्या. जोड्या लागत नव्हत्या. तो तिथे थांबला नाही, कारण मागून गर्दी ढकलत होती. हे त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं. 'स्पिरिट' हा शब्द ऐकला की त्याला काय वाटत असेल, हे तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं. नाइलाजाला आपण लांबून सुंदर नाव दिलं होतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. आम्ही शिकागोतली माणसं भाजीपाला, तूरडाळ, कढीपत्ता घ्यायला डेव्हन अव्हेन्यूला जातो. त्या रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग असं मानाचं नाव आहे, एकाला जिनांचं, एकाला गोल्डा मेयर यांचं. हैदराबादी, गुजराती, कराचीची, ज्यूंची दुकानं शेजारी शेजारी. याच रस्त्यावर तहव्वूर राणाचं इमिग्रेशनचं ऑफिस होतं. त्याच ऑफिसची मुंबई शाखा हा बहाणा करून डेव्हिड हेडली मुंबईत येऊन-जाऊन राहिला, त्याने ताज पाहिलं, सीएसटी पाहिलं, चित्रीकरण केलं आणि सगळी माहिती लष्कर-ए-तैयबाला पुरवली. दोघांना ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत अटक झाली. म्हणजे आम्ही ज्याला दूरचं दुःख म्हणत होतो त्याचं एक टोक आमच्या कढीपत्त्याच्या दुकानापाशी होतं.

२०११ च्या मे-जूनमध्ये राणाचा खटला शिकागोच्या डर्कसन फेडरल कोर्टात चालला. हेडलीने स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसून अनेक दिवस साक्ष दिली. कोर्ट सर्वांना खुलं होतं. माझ्या ऑफिसपासून चालत वीस मिनिटं. मी एकही दिवस गेले नाही. कामं होती, मुलांच्या शाळा होत्या, आणि खरं सांगायचं तर ते मनातच आलं नाही. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मंडळात मी 'आम्ही विसरणार नाही' असं लिहिलेला फलक हातात धरला होता. ज्युरीने राणाला मुंबईच्या हल्ल्याच्या आरोपातून सोडलं आणि डेन्मार्कच्या एका वर्तमानपत्रावर हल्ला करण्याच्या कटासाठी आणि लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल दोषी धरलं. जानेवारी २०१३ मध्ये हेडलीला ३५ वर्षांची शिक्षा झाली, राणाला १४. मुंबईच्या आरोपातून तो का सुटला, पुरावा कुठे कमी पडला, हे आम्हा शिकागोच्या मराठी माणसांनी जगाला सांगायला हवं होतं. आम्ही तिथेच तर होतो. एप्रिल २०२५ मध्ये राणाला भारताच्या ताब्यात दिलं, तेव्हा सगळे 'न्याय झाला' म्हणून मोकळे झाले. आरोपी दिल्लीला पोचणं म्हणजे न्याय नव्हे, खटला तर तिथून पुढे आहे.

अटकेच्या बातमीनंतर आमच्यातल्या काहींनी डेव्हनवरच्या पाकिस्तानी दुकानांत जाणं बंद केलं. मीही काही महिने केलं. त्यातल्या एका दुकानात म्हातारे गृहस्थ बसायचे, माझ्या मुलीच्या हातावर नेहमी चिक्कीचा तुकडा ठेवायचे. २६/११ च्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला हात जोडून विचारलं होतं, "बेटी, घरचे सगळे ठीक आहेत ना?" नावानिशी माहीत असलेल्या दोन माणसांवर खटला चालू असताना मी राग काढला तो त्यांच्यावर, कारण त्याला काहीच कष्ट पडत नव्हते. कोर्टात जाऊन बसणं, साक्षी वाचणं हे कष्टाचं होतं.

याला एक उत्तर मिळतं, मुंबईतूनही मिळतं: तुम्हाला काय कळणार, तुम्ही तिकडे सुखात. या बोलण्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. गोळीच्या आवाजाने अजूनही दचकणाऱ्या माणसाच्या दुःखाशी माझ्या दुःखाची बरोबरी होऊच शकत नाही. पण ज्याच्या अंगावर बेतलं त्याच्यावरच आठवण ठेवण्याचंही ओझं का? पायात गोळी लागलेली एक लहान मुलगी २००९ मध्ये कुबड्यांवर कोर्टात आली आणि तिने कसाबला ओळखलं. पुढे कबूल झालेल्या घरासाठी तिला मोठेपणी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. जिने साक्षही द्यायची, पाठपुरावाही करायचा, तिने आणखी किती करायचं? तारखा लक्षात ठेवणं, कागद वाचणं, विचारत राहणं ही कामं दूर राहणाऱ्याला जमतात. उलट त्यालाच जास्त जमतात, कारण त्याला त्या फलाटावरून रोज जावं लागत नाही.

गेल्या वर्षी मी मंडळात मांडलं, की यंदा ताजची चित्रफीत आणि देशभक्तीपर गाणी नकोत. वीस मिनिटं सीएसटीवर गेलेल्यांची नावं वाचू, वीस मिनिटं कुठला खटला कुठल्या कोर्टात कुठवर आला आहे ते कोणी तरी वकील मंडळींपैकी सांगेल, आणि ११ जुलैसुद्धा आपल्या पंचांगात घालू. थोडी कुरकुर झाली. कार्यक्रम रुक्ष होईल, मुलं कंटाळतील. वाचन झालं. नावं वाचताना उत्तरेकडची नावं आली, मुसलमान नावं आली, मराठी नावं आली, एकाच आडनावाची एकापाठोपाठ एक नावं आली. तिथे वाचणारा मुलगा थांबला. एक घर किती जणांचं होतं हे त्याच्या लक्षात आलं होतं. मुलं कंटाळली नाहीत.

डिसेंबरात मुंबईला गेले तेव्हा दादाला म्हटलं, मला तो हॉल दाखव. तो आता निवृत्त झाला आहे, तरी आला. आम्ही लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. चादरी अंथरून माणसं झोपली होती, पत्र्याच्या ट्रंकांवर पाय टाकून. एक बाई कडेवर मूल घेऊन माझ्याकडे आली. गाडीला तीन तास होते. "जरा सामान पे नजर रखना दीदी, पानी लाती हूँ," म्हणाली आणि माझ्या होकाराची वाट न बघता निघाली. दोन पिशव्या, एक बादली, दोरीने बांधलेली गादी. मी गादीच्या कडेला बसले. दादा खांबाला टेकून उभा राहिला. वर गाड्यांच्या घोषणा चालू होत्या, आधी मराठीत, मग हिंदीत. ती बाई गर्दीत दिसेनाशी झाली होती, आणि मी ती गेली त्या बाजूला बघत होते.